कोलिमाचे मातीचे कुत्रे आणि पश्चिम मेक्सिकोतली खोल थडगी

दूरदेशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोलंबस पोचायच्या आधीच्या अमेरिकेतल्या मातीच्या मूर्तींवर इथे धागा दिसला नाही म्हणून काढतेय. विषय अफाट आहे, पेरूपासून मेक्सिकोपर्यंत प्रत्येक भागाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे मी फक्त माझ्या जिव्हाळ्याच्या भागापुरतं बोलते. पश्चिम मेक्सिको, म्हणजे हलिस्को, कोलिमा आणि नायारित ही तीन राज्यं.

साधारण इ.स.पू. ३०० ते इ.स. ४०० या काळात तिथले लोक आपल्या माणसांना पुरायला जमिनीत विहिरीसारखं उभं भुयार खणायचे. कुठे दोन-तीन मीटर, कुठे पार पंधरा मीटरच्याही खाली. तळाला गेलं की बाजूला एक-दोन, कधी त्याहून जास्त खोल्या कोरायच्या, आत प्रेतं ठेवायची, त्यांच्याभोवती भांडी, शंख, दागिने आणि मातीच्या मोठाल्या पोकळ मूर्ती मांडायच्या, मग खोलीचं तोंड दगडाने बंद करायचं आणि वरचं भुयार मातीने बुजवून टाकायचं. तिथे ज्वालामुखीची राख दाबून घट्ट झालेला थर असतो, तेपेताते म्हणतात त्याला. तो खणता येतो आणि खणल्यावर ढासळत नाही, म्हणून एवढ्या खोल जाता आलं. लोखंड नव्हतं हं त्यांच्याकडे, सगळं काम दगडी आणि लाकडी हत्यारांनी.

मूर्तींमध्ये काय नाही ते विचारा. नायारितच्या इक्स्तलान देल रिओ भागातली रंगवलेली नवरा-बायकोची जोडपी, पूर्ण घरंच्या घरं ज्यात माणसं जेवतायत, गप्पा मारतायत, कुत्री फिरतायत, चेंडूच्या खेळाचं मैदान आणि कडेला बसलेले प्रेक्षक. हलिस्कोचे लांबट चेहऱ्याचे योद्धे आणि चेंडूचे खेळाडू. आणि कोलिमाचे कुत्रे. लाल, गुळगुळीत, पोट टम्म फुगलेलं, पाय आखूड, कान ताठ. कुणी झोपलाय, कुणी मान वळवून बघतोय, कुणाच्या तोंडात मक्याचं कणीस आहे, दोन कुत्रे एकमेकांना धरून नाचतायत, एकाने तर माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा घातलाय. हे सगळं घडवलं आणि काळोखात पुरून टाकलं. याने मला वेड लावलंय. आमच्या इथल्या लॉस एंजेलिस काउंटी म्युझियमकडे यांचा मोठा संग्रह आहे (प्रॉक्टर स्टॅफर्ड कलेक्शन, १९८६ साली घेतलेलं), तिथूनच नाद लागला.

तुमच्यापैकी कुणी बघितलेत का? आणि कुत्राच का, यावर काय वाटतं?

माळरान

मस्त धागा! कुत्र्याचं वाचल्यावर पहिला युधिष्ठिरच आठवला. सगळे भाऊ वाटेत पडले, शेवटपर्यंत सोबत कोण तर कुत्रा. दत्तगुरूंच्या पायाशी कुत्रे, खंडोबाचा कुत्रा. म्हणजे मेल्यानंतरच्या वाटेवर कुत्रा सोबत असतो ही कल्पना जगभर असणार ना? तिकडेही तेच असेल.

दूरदेशी

@माळरान, म्युझियमच्या पाटीवर बहुतेक वेळा तुम्ही म्हणताय तेच लिहिलेलं असतं की हा कुत्रा मृतात्म्याला पाताळात वाट दाखवतो. पण ही माहिती आली कुठून ते बघितलं की मी थोडी सावध होते. बेर्नार्दिनो दे साआगुन नावाचा स्पॅनिश पाद्री १५२९ मध्ये मेक्सिकोत आला, त्याने तिथल्या म्हाताऱ्या जाणत्या लोकांना विचारून विचारून अझ्टेकांच्या चालीरीती लिहून काढल्या. त्यात आहे की मेलेला माणूस मिक्तलानला, म्हणजे मृतांच्या पाताळाला, जायला निघतो, चार वर्षांचा प्रवास, शेवटी एक रुंद नदी लागते आणि ती कुत्र्याच्या पाठीवर बसून ओलांडायची. पण कुत्रा पिवळसर-तांबूसच पाहिजे. पांढरा म्हणतो मी आत्ताच अंघोळ केलीय, काळा म्हणतो मी आत्ताच अंगाला डाग लावून घेतलेत, दोघंही पाण्यात उतरत नाहीत. म्हणून माणूस गेला की पिवळा कुत्रा मारून, गळ्यात सुती दोरा बांधून त्याच्याबरोबर पाठवायचे.

गोष्ट इतकी सुंदर आहे की कोलिमाच्या लाल कुत्र्याला ती लगेच चिकटते. पण साआगुनची माणसं मध्य मेक्सिकोतली, सोळाव्या शतकातली. कोलिमाचे कुत्रे शेकडो किलोमीटर पश्चिमेला आणि त्याच्या हजारएक वर्षं आधी पुरलेले. मधल्या काळात किती राज्यं आली गेली. कल्पना खूप जुनी असेल आणि टिकलीही असेल, मी नाही म्हणत नाही, पण अझ्टेकांचं उत्तर उचलून कोलिमाच्या तोंडी घालणं आणि आपलं महाभारत उचलून घालणं यात मला फार फरक दिसत नाही. त्या लोकांनी एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. त्यांचं जे म्हणणं आहे ते थडग्यात काय कशाच्या शेजारी ठेवलं यातूनच वाचावं लागतं.

कातळखूण

कुत्र्याबद्दल अजून एक. त्या भागात कुत्रं पाळायचे ते खायला पण. टर्की आणि कुत्रा हेच मुख्य पाळीव प्राणी होते, गाय-बैल-डुक्कर-शेळी सगळं स्पॅनिश लोकांबरोबर आलं, त्यामुळे मेजवानी म्हटली की कुत्रं कापलं जायचं आणि अझ्टेकांच्या बाजारात तर ते विकायलाही असायचे. मग तो फुगलेल्या पोटाचा, तोंडात कणीस असलेला कुत्रा म्हणजे मका घालून पोसलेला, जेवणासाठी तयार केलेला कुत्रा असू शकतो की नाही? मेलेल्याच्या शेवटच्या जेवणाचं ताट. वाटाड्या वगैरे आपल्याला आवडतं कारण आपण कुत्र्याला घरातलं मानतो.

माळरान

@कातळखूण, वाचून कसंतरीच झालं, पण मुद्दा पटतोय. दोन्ही एकत्र नसेल का? आपण नैवेद्य दाखवतो तेव्हा तो पदार्थ फक्त खाणं नसतो ना.

दूरदेशी

@माळरान, मला हेच जास्त जवळचं वाटतं. क्रिस्टी बटरविक म्हणून संशोधक आहेत, त्यांचं म्हणणं असं की या मूर्तींमध्ये वाडगे घेतलेली, पिणारी, ताट पुढे धरलेली जी माणसं दिसतात ती पूर्वजांसाठीच्या मेजवानीची आहेत, म्हणजे अंत्यविधीचा एक मोठा भाग जेवणावळीचा होता आणि त्यातून घराण्याचा मानही दाखवला जायचा. कुत्र्यांचे बरेचसे पुतळे मुळात भांडीच आहेत हे पण विसरू नका. डोक्यावर किंवा शेपटीपाशी नळकांड्यासारखं तोंड असतं. फोटो समोरून काढतात त्यामुळे ते दिसतच नाही.

मातीवाला

मी सिरॅमिक्स करतो म्हणून कारागिरीबद्दल लिहितो. त्या लोकांकडे चाक नव्हतं, सगळं हाताने, वळ्या आणि पट्ट्या जोडत जोडत उभं केलेलं. अडीच फुटी पोकळ माणूस असा उभा करायचा म्हणजे खालचा भाग थोडा वाळू द्यायचा, पण इतकाही नाही की वरची ओली माती त्याला धरणार नाही, आणि भिंत सगळीकडून सारख्या जाडीची पाहिजे नाहीतर भाजताना जाड जागी तडकते. बंद भट्टीही नव्हती, उघड्यावर जाळ करून भाजायचे, आपल्याकडे कुंभार आवा लावतात तसाच प्रकार. आतल्या ओलाव्याची वाफ बाहेर पडायला वाट लागते, म्हणून या मूर्तींच्या डोक्यावर, कानात, तोंडात कुठे ना कुठे भोक असतंच. कोलिमाची जी लाल चकाकी आहे ती ग्लेझ (भाजून चढवलेला काचेसारखा थर) नाही. लोहयुक्त लाल मातीचा पातळ लेप द्यायचा आणि अर्धवट वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटत बसायचं, तासन्‌तास. कुत्र्याच्या पायाच्या बेचक्यात, कानाच्या मागे गोटा नीट फिरत नाही, तिथे घोटल्याच्या रेघा सुट्या सुट्या दिसतात. मी चांगल्या रिझोल्यूशनचे फोटो झूम करून पाहिले, मागच्या पायाच्या आतल्या बाजूलाही घोटलेलं आहे जिथे कुणी बघणार नाही. असं काम करणारा माणूस रोज हेच करणारा असणार. तिथे या कामात वाकबगार कारागीर असले पाहिजेत.

धागाकर्तीला प्रश्न, या मूर्ती मुद्दाम पुरायलाच बनवायचे की आधी घरात वापरून मग पुरायचे?

दूरदेशी

@मातीवाला, काय सुरेख लिहिलंत! तुमच्या प्रश्नावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि त्याचं कारण मोठं दुखरं आहे. जगभरच्या म्युझियममध्ये आणि खाजगी संग्रहांत या शैलीच्या हजारो मूर्ती आहेत पण त्यातल्या बहुतेक चोरून खणलेल्या आहेत. तिकडे अशा लोकांना मोनेरो म्हणतात. लोखंडी सळई जमिनीत खुपसत जायचं, माती मऊ लागली की खाली बुजवलेलं भुयार आहे हे कळतं, मग रात्रीतून खणायचं, मूर्ती काढायच्या, हाडं आणि फुटकी भांडी तिथेच फेकून द्यायची. कुठली मूर्ती कुठल्या माणसाच्या उशाशी होती, पुरुषाच्या की बाईच्या की पोराच्या, एकटी होती की जोडीने, सगळं गेलं. या मूर्तींना कित्येक वर्षं 'तारास्कन' म्हणायचे, तारास्कन राज्य उभं राहिलं ते जवळजवळ हजार वर्षांनी! १९४० च्या दशकात कुठे ते नाव मागे पडायला लागलं. चित्रकार दिएगो रिवेराने या मूर्ती प्रचंड संख्येने जमवल्या होत्या, मेक्सिको सिटीतल्या आनाहुआकाल्ली म्युझियममध्ये आहेत, बघताना छाती दडपते, पण त्यातही कुठलं थडगं ते विचाराल तर उत्तर नाही.

निशाचर

थोडा विरोध नोंदवतो. म्युझियम आणि संग्राहक नसते तर यातलं किती वाचलं असतं? शेतकऱ्याच्या नांगराखाली फुटलं असतं किंवा कुणाच्या परसात पडून राहिलं असतं. आज आपण कुत्र्यांबद्दल बोलतोय तेच मुळी कुणीतरी ते विकत घेऊन काचेत ठेवले म्हणून. चोरी वाईटच, पण वस्तू तर वाचली.

दूरदेशी

@निशाचर, वस्तू वाचली हे खरं, पण तिचं म्हणणं गेलं. एका उदाहरणाने सांगते, जरा लांबेल.

१९९३ साली हलिस्कोतल्या उइत्झिलापा इथे होर्खे रामोस आणि लोरेंझा लोपेझ मेस्तास या पुरातत्त्वज्ञांना हात न लागलेलं थडगं सापडलं. इतक्या मोठ्या थाटाचं थडगं असं अखंड मिळणं फार दुर्मिळ. भुयार ७.६ मीटर खोल, तळाशी दोन खोल्या, एक उत्तरेला एक दक्षिणेला, प्रत्येकीत तीन माणसं. काळ साधारण इ.स. ६५. त्यात मुख्य माणूस म्हणजे पंचेचाळिशीतला एक पुरुष. त्याच्या अंगावर जेड आणि शिंपल्यांची कंकणं, नाकात कानात दागिने, आणि हजारो शिंपल्यांचे बारीक मणी शिवलेलं कापड. कापड कुजून गेलं, मणी मात्र होते तिथेच राहिले. कमरेवर आणि दोन्ही अंगांना मोठे शंख ठेवलेले. आणि त्याच्या जवळच्या मूर्ती होत्या चेंडूच्या खेळाडूंच्या. बघा आता. तीच मूर्ती बाजारात आली असती तर 'बॉलप्लेयर, हलिस्को, माती' एवढीच पाटी लागली असती. इथे ती एका ठराविक, मानाच्या माणसाच्या शेजारी आहे म्हणून विचारता येतं की हा स्वतः खेळायचा का, की या खेळाचा मान त्याच्या घराण्याकडे होता.

अजून पुढे. हाडं जागेवर होती म्हणून ती तपासता आली. सहापैकी निदान पाच जण एकमेकांचे नातेवाईक निघाले, मणक्याचा जन्मजात दोष त्यांच्यात सारखाच होता. म्हणजे हे एका कुटुंबाचं थडगं. भांड्यांमध्ये अन्नाचे अवशेष होते, कागदाचे अवशेषसुद्धा मिळाले. हे सगळं एका थडग्याने सांगितलं. मोनेरो आधी पोचले असते तर यातल्या मूर्ती आज कुणाच्या तरी दिवाणखान्यात असत्या आणि पाच जणांचं नातं कुणाला कधीच कळलं नसतं.

निशाचर

मान्य. मणक्याचं वाचून खरंच थक्क झालो. मग शिंगवाल्या मूर्तींचं काय, कोलिमाच्या काही माणसांना कपाळावर एकच शिंग असतं तो कोण? एका ठिकाणी शामान, म्हणजे मांत्रिक, म्हटलंय.

कातळखूण

ते पीटर फर्स्ट या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं, १९६० च्या दशकातलं. त्याने पश्चिम मेक्सिकोतल्या हुइचोल आदिवासींबरोबर काम केलं होतं, त्यांच्या मांत्रिकांवरून त्याने ठरवलं की हा शिंगवाला हातात हत्यार घेऊन उभा आहे तो थडग्याचं वाईट शक्तींपासून रक्षण करणारा शामान. पुढे मार्क मिलर ग्रॅहमने म्हटलं की ते शिंग म्हणजे शंखाचं टोक आहे आणि शंख हे सत्तेचं चिन्ह, तर हा राजा किंवा सरदार. उइत्झिलापाच्या माणसाच्या कमरेवर शंख निघाले त्यामुळे मला तरी दुसरं जास्त पटतं. जागेवरचा पुरावा असला की वाद कसा पुढे सरकतो बघा.

चिंचोका

वाचनखूण साठवली. एक प्रॅक्टिकल प्रश्न. मी ह्यूस्टनला असते, ऑनलाइन एका विक्रेत्याकडे 'ओरिजिनल कोलिमा डॉग' म्हणून लिस्टिंग आहे, जुन्या खाजगी संग्रहातला आहे म्हणे, सर्टिफिकेट पण देतोय. किंमत बरीच आहे पण धागा वाचून मोह होतोय. घ्यावा का?

दूरदेशी

@चिंचोका ताई, अजिबात घेऊ नका. खरा असेल तर तो कुणाच्या तरी थडग्यातून उपसलेला आहे. मेक्सिकोने १९७२ च्या कायद्याने असल्या सगळ्या वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरवल्या, त्या देशाबाहेर नेणं आणि त्यांचा व्यापार करणं बंद. योगायोगाने आपला पुरावस्तू कायदाही १९७२ चाच. युनेस्कोचा करार १९७० चा. चोला नटराज परत आले की आपण टाळ्या वाजवतो, मग कोलिमाच्या कुत्र्याला वेगळा नियम लावायचं कारण नाही.

मातीवाला

आणि खोटा असायचीही पूर्ण शक्यता आहे. ब्रिहिदो लाराची केस वाचा. वेराक्रूझचा कारागीर, म्हणजे पश्चिम नव्हे, पूर्व किनारा, तिथली प्राचीन शैली तो हुबेहूब करायचा. १९७४ मध्ये पोलिसांनी त्याला प्राचीन मूर्ती लुटल्याच्या आरोपावरून पकडलं. तज्ज्ञ म्हणाले मूर्ती अस्सल आहेत. हा म्हणतोय अहो मीच बनवल्यात. कुणी ऐकेना, शेवटी त्याने तुरुंगात माती मागवली आणि तशाच मूर्ती करून दाखवल्या. सुटला, आणि पुढे हलापाच्या मानववंशशास्त्र म्युझियमने त्याला दुरुस्तीच्या कामाला ठेवून घेतलं. त्याच्या हातच्या मूर्ती मोठमोठ्या म्युझियममध्ये अस्सल म्हणून गेल्यात असं त्याचं सांगणं होतं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो, हात काय असेल त्याचा.

निशाचर

मग अस्सल-नक्कल कळतं कसं? कार्बन डेटिंग मातीवर चालत नाही ना?

मातीवाला

नाही, कार्बन सेंद्रिय गोष्टीवर. मातीसाठी थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजे शेवटची कधी भाजली ते कळतं, त्यासाठी थोडी पूड खरवडून घ्यावी लागते.

दूरदेशी

आणि एक पद्धत मला सगळ्यात भिडली ती रॉबर्ट पिकरिंग यांची. या मूर्तींवर काळे ठिपके असतात, मँगनीजचे, जमिनीखाली शतकानुशतकं राहिल्यावर सूक्ष्मजीवांमुळे तयार होतात. नकली करणारे तसे ठिपके रंगाने रंगवतात, पण भिंगाखाली फरक दिसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किड्यांच्या कोशांच्या खुणा. प्रेत कुजायला लागलं की त्यावर माश्या येतात, अळ्या होतात, त्या अळ्या कोश करायला कोरडी जागा शोधत बाजूला सरकतात आणि शेजारच्या मातीच्या मूर्तीला चिकटतात. कोश गेला तरी त्याचा बारीक ठसा किंवा टरफल मूर्तीवर उरतं. म्हणजे ती मूर्ती खरोखर मेलेल्या माणसाच्या अगदी लगत होती याचा पुरावा तिच्या अंगावरच आहे. एरवी विक्रेते असली घाण धुवून, पॉलिश करून टाकतात म्हणजे माल चकचकीत दिसावा, आणि जे काही शेवटचं वाचता आलं असतं तेही पुसून टाकतात. मला याचा फार राग येतो.

चिंचोका

बापरे. नाही घेत. त्यापेक्षा जाऊन बघायचं असेल तर कुठे? आम्ही डिसेंबरात ग्वादालाहाराला जाणार आहोत.

दूरदेशी

अरे वा, मग तर तुम्ही अगदी जवळच असणार! ग्वादालाहाराहून गाडीने साधारण तासा-दीड तासावर तेउचित्लान आहे, तिथे ग्वाचिमोंतोनेस, गोल गोल पायऱ्यांचे पिरॅमिड. ही थडगी बांधणाऱ्यांचंच ते मोठं केंद्र, फिल वायगांड या पुरातत्त्वज्ञांनी त्यावर आयुष्य घालवलं, तिथलं माहितीकेंद्र त्यांच्याच नावाचं आहे, आधी तिथे जा मग साइटवर. टकिलाच्या आगावे शेतांबरोबर २००६ मध्ये हे जागतिक वारशात गेलं. नायारितच्या मातीच्या घरांच्या आणि मैदानांच्या प्रतिकृती आधी बघून गेलात तर तिथल्या गोल ओट्यांवर घरं कशी उभी असतील ते लगेच डोळ्यासमोर येतं. सकाळी लवकर जा, ऊन कडक असतं आणि सावली नाही. कुत्र्यांसाठी मात्र कोलिमा शहर गाठा, तिथे मारिया आहुमादा म्युझियम आहे. पुतळ्यांच्या मागच्या बाजूला जाऊन भांड्याचं तोंड कुठे काढलंय ते नक्की बघा, आणि @मातीवाला म्हणतायत त्या घोटल्याच्या रेघा. फोटो काढू देत असतील तर इथे टाका.

मातीवाला

फोटो टाकताना बाजूने आणि खालून पण घ्या, समोरून सगळेच घेतात.

माळरान

याच धाग्यावर माया लोकांच्या हाइना बेटाबद्दल पण लिहा ना. तिथे छोट्या मूर्ती मेलेल्याच्या हातात किंवा छातीवर ठेवायचे आणि त्यातल्या कित्येक शिट्ट्या किंवा खुळखुळे असतात एवढंच माहितीये.

दूरदेशी

@माळरान, बरोबर, कांपेचेच्या किनाऱ्याजवळचं बेट, काळ साधारण इ.स. ६०० ते ९००. आणि गंमत अशी की मातीचं परीक्षण केल्यावर त्यातल्या बऱ्याच मूर्ती बेटावर नाही तर लांब मुख्य भूमीवर बनून आल्याचं दिसलं. त्याला वेगळा धागा लागेल, पुढच्या आठवड्यात काढते.